पावाचं यंत्र

एडिसन, न्यू जर्सी
३ नोव्हेंबर १९९६

प्रिय बाबा,

'तीर्थरूप' लिहिलं नाही म्हणून लगेच लाल पेन काढू नका. मी पत्र लिहितेय याचंच कौतुक करा. फोनवर तुम्ही "बरं आहे, ठेव आता, मीटर पळतंय" याच्यापुढे जात नाही, म्हणून हा खटाटोप.

कामरेजचे मगनकाका या आठवड्यात इथून निघतायत. त्यांच्याबरोबर एक मोठं खोकं पाठवतेय. त्यात ब्रेड मशीन आहे. इथे हल्ली घरोघरी झालंय. आत पीठ, पाणी, यीस्ट वगैरे घालायचं, झाकण लावायचं, बटण दाबायचं. मळणं, फुगवणं, भाजणं सगळं ते करतं आणि शेवटी शिटी देतं.

आता खरं कारण सांगते. अभी दसर्‍याला सुरतला येऊन गेला, तेव्हापासून त्याने डोकं खाल्लंय. म्हणतो, आई गेल्यापासून बाबा चहा आणि खारीवर दिवस काढतात, कोसाडच्या त्या कॉलनीत आपलं असं कुणी नाही, उद्या पडले-झडले तर कळणार कोणाला? फ्लॅट विकायचा आणि तुम्हाला पुण्याला न्यायचं, असं त्याने ठरवूनच टाकलंय. तुम्हाला पुण्याला जायचं नाही हे मला ठाऊक आहे. म्हणून मी त्याच्याशी भांड भांड भांडले आणि शेवटी एक अट कबूल करून घेतली. संक्रांतीला तो येणार आहे. तुम्ही स्वतः केलेला एक ब्रेड, नीट फुगलेला, त्याला खायला घालायचा. जमलं तर पुण्याचा विषय कायमचा बंद. नाही जमलं तर सामान बांधायचं. अट विचित्र आहे, कबूल. पण तो इंजिनिअर आहे बाबा, त्याला डोळ्यांना दिसेल असा पुरावा लागतो.

साहित्य: ब्रेडचं पीठ, म्हणजे सोबतच्या पुस्तिकेत ज्याला स्ट्राँग फ्लॉर म्हटलंय ते. कोमट पाणी, ड्राय यीस्ट, मीठ, साखर, दूध पावडर, लोणी. आधी पाणी, मग पीठ, यीस्ट सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात वर. मीठ आणि यीस्ट यांची गाठ पडू द्यायची नाही. आणि काहीही झालं तरी झाकण उघडायचं नाही! विजेचा दाब तिथे वेगळा असतो, म्हणून मगनकाकांचा मुलगा कामरेजहून एक ट्रान्सफॉर्मर आणून देईल. तो मध्ये लावल्याशिवाय हात लावू नका.

तुमची,
अमृता

*

कोसाड, सुरत
२४ नोव्हेंबर १९९६

चि. अमृता,

आशीर्वाद. तुझ्या पत्रातल्या शुद्धलेखनाच्या चुका वेगळ्या कागदावर काढून सोबत जोडल्या आहेत. 'मशीन' आणि 'ब्रेड' हे शब्द मी चालवून घेणार नाही. यंत्र आणि पाव. सगळी नोकरी मी सुरतच्या मराठी शाळेत घालवली ती काय पोरांनी 'ब्रेड मशीन' म्हणावं म्हणून? या गावात मराठी टिकवायची तर कुठेतरी पाय रोवून उभं राहावं लागतं. मी पावावर उभा आहे.

अभिजीतची अट वाचून राग आला. बापाची परीक्षा घेतोय गुलाम. पण परीक्षेला मी आयुष्यात कधी घाबरलो नाही, आणि पुण्याला तर मी मुळीच जाणार नाही. तिथे त्यांच्या सोसायटीत संध्याकाळी बाकावर ओळीने बसलेले म्हातारे मी पाहून आलो आहे. सगळे आपापल्या मुलांच्या पगाराबद्दल बोलतात. मला इथेच राहायचं आहे. तेव्हा पाव होणारच.

मगनभाई येऊन यंत्र देऊन गेले. ट्रान्सफॉर्मरही आला. चांगला जड आहे आणि चालू केला की सारखा 'ऊंऽऽ' असा एका सुरात गुणगुणतो. शेजारच्या प्रमिलाबाईंनी भिंतीला कान लावून ऐकलं म्हणे. (प्रमिलाबाई तुला आठवतील. अमळनेरकडच्या, त्यांचा नवरा, दगा नाव त्याचं, कडोदर्‍याला यंत्रमागावर आहे. तू त्यांच्या जिन्यात सागरगोटे खेळायचीस.)

साहित्याने मात्र घाम काढला. 'स्ट्राँग' म्हणजे बळकट, म्हणून वाण्याकडे बळकट पीठ मागितलं. त्याने विचार करून भाखरीचा करकरा लोट, म्हणजे जाडसर पीठ, दिला. म्हणाला, "आनाथी बळकट कशुं नथी," याहून बळकट काही नाही. मग ड्राय यीस्ट मागितलं. त्याने इकडे-तिकडे पाहिलं, मला दुकानाच्या आत घेतलं आणि हळू आवाजात म्हणाला, "मास्तर, तमे पण?" मला काही कळेना. मी मोठ्याने म्हणालो, "ड्राय! ड्राय पाहिजे!" तो म्हणाला, "ड्राय तो आखुं गुजरात छे, एटले ज धीमे बोलो ने!" तेव्हा उलगडा झाला. दारूबंदीच्या राज्यात यीस्ट मागणारा माणूस घरी काय गाळतो, हे त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं. भर दुकानात तीन माजी विद्यार्थ्यांच्या आया उभ्या होत्या. मी यीस्टचा नाद सोडला आणि त्याऐवजी ईनोची पुडी घेतली. फेस दोन्हीला येतो.

बटण दाबलं. यंत्राने पुष्कळ वेळ आदळआपट केली आणि शिटी दिली. जे निघालं ते सध्या गॅलरीच्या दाराला टेकू म्हणून लावलं आहे. वार्‍याने दार आता अजिबात आपटत नाही.

तुझा,
बाबा

*

एडिसन
८ डिसेंबर १९९६

प्रिय बाबा,

ईनो?! बाबा, ईनो पोटासाठी असतं!

आता नीट वाचा, प्लीज. यीस्ट जिवंत असतं. झोपलेलं असतं, त्याला कोमट पाण्यात चिमूटभर साखर घालून उठवायचं. पाणी कढत झालं तर ते मरतं, गार राहिलं तर उठतच नाही. बोट बुडवून बघा, आई माझ्या आंघोळीचं पाणी जसं बघायची तसं. मीठ त्याच्यावर पडलं तर ते मरतं. उठलं की ते साखर खातं, त्याचा वायू होतो आणि पीठ फुगतं. एवढंच आहे सगळं शास्त्र.

वाण्याकडे जाऊच नका. बेकरीत जा आणि सांगा घरी ब्रेड करायचाय. ते लोक ताजं यीस्ट वापरतात, एखादा तुकडा देतील. ते फ्रिजमध्ये ठेवा. पीठ साधा मैदा घ्या. खोक्यात मोजायचा प्लॅस्टिकचा कप आहे, तोच वापरा. आईचे चहाचे कप वापरलेत ना? मला माहितेय तुम्ही वापरले असणार.

खोली उबदार हवी. जानेवारीत सुरतलाही पहाटे गारवा असतो, तेव्हा यंत्र (बघा, लिहिलं!) खिडकीजवळ ठेवू नका. आणि झाकण, बाबा. झाकण उघडलं की बसलंच सगळं.

अभीने काल फोनवर विचारलं, "काय, जमलं का?" मी म्हटलं, मस्त चाललंय. माझं नाक कापू नका.

अमृता

*

कोसाड
२२ डिसेंबर १९९६

चि. अमृता,

आशीर्वाद. चुका कमी झाल्या आहेत. 'प्लीज' सोडल्यास पत्र वाचनीय आहे.

चहाच्या कपांचा आरोप मान्य. आता प्लॅस्टिकचा वापरतो.

यीस्ट मिळालं! चौकातल्या एका बेकरीवाल्याने काही न विचारता कागदात गुंडाळून दिलं. सजीव आहे हे तू सांगितल्यापासून मी त्याच्याशी जपून वागतो. फ्रिजमध्ये वरच्या कप्प्यात, लोणच्यापासून लांब.

पण सांगायची गोष्ट वेगळीच आहे. या कॉलनीबद्दल अभिजीतने जे म्हटलं ते किती चूक आहे, ते ऐक. मी बेकरीतून येत असताना जिन्यात प्रमिलाबाई भेटल्या. म्हणाल्या, "गुरुजी, तुमना घरमा हाई काय गुणगुणस?" मी म्हणालो, "पावाचं यंत्र आहे." त्यांनी डोळे मोठे केले आणि म्हणाल्या, "पावस का?"

आता, त्यांची अहिराणी मला पूर्ण येत नाही, पण व्याकरणावरून अर्थ लागतो. 'करस' म्हणजे करतो, तसं 'पावस' म्हणजे पाव होतो का. नामापासून थेट क्रियापद! मला फार आनंद झाला. मी म्हणालो, "अजून एकदाही नाही. माझंच काहीतरी चुकतंय." त्या गंभीर झाल्या. विचारलं, "पथ्यं काय शेतस?" मी सगळी सांगितली: हात स्वच्छ, पाणी कोमट, मीठ लांब, झाकण उघडायचं नाही, धीर सोडायचा नाही. त्या म्हणाल्या, "कडक शे." मी म्हणालो, "फारच."

थोड्या वेळाने त्या आंघोळ करून, ओल्या केसांनी, एक नारळ घेऊन आल्या आणि यंत्रासमोर ठेवला. तुझ्या यादीत नारळ नाही हे मला ठाऊक आहे. पण शेजार्‍याने एवढ्या प्रेमाने आणलेला जिन्नस परत कसा करायचा? खवून घातला. दुसर्‍या दिवशी खालच्या मजल्यावरच्या अनुसयाबाई गूळ-फुटाणे घेऊन आल्या. तेही घातले. मग हळदकुंकू आलं. हळद घातली. कुंकू घालायचा धीर झाला नाही, ते त्यांनीच झाकणावर लावलं. हातही जोडले. शिक्षकाबद्दल अजून एवढा आदर शिल्लक आहे हे पाहून मला भरून आलं.

पाव मात्र अर्धाच फुगला आणि बसला. अनुसयाबाईंनी मधेच झाकण उघडून आत वाकून पाहिलं होतं. रंग पिवळा, मध्ये फुटाणे. मी ओशाळलो, पण बायांनी त्याचे तुकडे केले, तळहातावर घेतले, कपाळाला लावले आणि खाल्ले. अन्नाला मान देणारी ही माणसं आहेत. अभिजीतने शिकावं.

योगायोग असा की दुसर्‍याच दिवशी अनुसयाबाईंच्या मुलाला, उखाला, कारखान्यात कायम केलं. तेव्हापासून मदतीला येणार्‍या बायांची संख्या एकदम वाढली आहे. पार पलीकडच्या इमारतीतूनही येतात. कुणी सुपारी आणतं, कुणी खण. खण कशात घालायचा ते कळत नाही.

खरं सांगू? सुधा गेल्यापासून या घराच्या दाराशी एवढ्या चपला मी पाहिल्या नव्हत्या. संध्याकाळी सगळ्या गेल्या की घर फार मोठं वाटतं. म्हणून कुणाला 'येऊ नका' म्हणवत नाही. पण एवढ्या मदतीत पाव कसा फुगायचा, हाही प्रश्नच आहे. संक्रांत जवळ आली.

बाबा

*

एडिसन
३ जानेवारी १९९७

बाबा!

आधी खाली बसा.

'पावस का' म्हणजे 'पाव होतो का' नव्हे. 'पावतो का'! देव पावतो तसं. तुम्ही म्हणालात 'पावाचं यंत्र', आणि प्रमिलामावशी 'जायचं'ला 'जावाचं' म्हणतात, 'खायचं'ला 'खावाचं'. म्हणजे त्यांनी काय ऐकलं असेल? पावायचं यंत्र! नवसाला पावणारं! सुरतमध्ये पावाला पाव तुमच्याशिवाय कुणी म्हणत नाही, सगळे ब्रेड म्हणतात. तुम्ही साधं 'ब्रेड मशीन' म्हणाला असतात तर हे झालंच नसतं. त्यात तो ट्रान्सफॉर्मर आत बसून गुणगुणतोय, आणि तुम्ही वर सांगितलंत की "अजून पावलं नाही, माझंच काहीतरी चुकतंय"!

बाबा, नारळ हे साहित्य नाही. गूळ-फुटाणे हे साहित्य नाही. तुम्ही देवापुढचा नैवेद्य देवाच्या पोटात घालून भाजताय!! मी हे वाचून एवढी हसले की शेजारीण दार वाजवायला आली, आणि मग लगेच कॅलेंडर पाहिलं. अभी संक्रांतीला येणार. त्याने दारात पाऊल टाकलं आणि तुम्ही कुंकू लावलेल्या मशीनजवळ बसलेले, समोर बायांची रांग, असं पाहिलं तर तो पुण्याचं नाव काढणार नाही. तो तुम्हाला थेट डोक्याच्या डॉक्टरकडे नेईल!

पत्र मिळाल्या मिळाल्या सगळ्यांना खरं सांगा. मशीनचं कुंकू पुसा. घर रिकामं करा. एकट्याने, शांतपणे, एक साधा पांढरा ब्रेड करा.

काळजीत असलेली,
अमृता

*

कोसाड
१७ जानेवारी १९९७

चि. अमृता,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र संक्रांत होऊन गेल्यावर हाती पडलं. ते आधी मिळालं नाही याबद्दल मी टपालखात्याचा आभारी आहे.

'पावस'चा अर्थ वाचून मी लाल पेन खाली ठेवलं. जन्मभर मुलांना विभक्ती शिकवल्या आणि शेजारणीचं एक क्रियापद चुकलो. हा कमीपणा मी तुला लेखी देतो. जपून ठेव, असं पुन्हा मिळणार नाही.

आता काय झालं ते सांगतो. अभिजीत येणार हे मी सगळ्या बायांना आधीच सांगून ठेवलं होतं. पाव नीट झाला नाही तर मला पुण्याला जावं लागेल, हेही तोंडातून गेलं. प्रमिलाबाईंनी तारीख विचारून घेतली. तेरा तारखेला सकाळी मी मैदा, पाणी, यीस्ट, सगळं तुझ्या सांगण्याप्रमाणे घातलं आणि बटण दाबलं. त्या येऊन यंत्राच्या पुढ्यात मांडी घालून बसल्या. कुणी झाकणाकडे हात नेला की त्यांच्याकडे नुसतं पाहायच्या. अनुसयाबाईंना तर त्यांनी जिन्यातच बसवलं. पहाटेपासून गारठा होता, तेव्हा देवाला थंडी वाजेल म्हणून त्यांनी वाफेपुरती जागा सोडून यंत्राला स्वतःची शाल पांघरली. तुझी उबदार खोली ती हीच. मला तेव्हा हे सुचलंही नव्हतं.

अशा वेळी अभिजीत आला. जिन्यात पार खालपर्यंत बाया बसलेल्या. तो वर चढू लागला तर अनुसयाबाई म्हणाल्या, "ओ भाऊ, चपला काढा. रांगमा या." तो म्हणाला, "अहो, हे माझं घर आहे." त्या म्हणाल्या, "सगळास्नंच शे." त्याने बूट काढले आणि रांगेत बसला. पुण्याचा इंजिनिअर, हातात बॅग, मोजे घालून, आपल्याच जिन्यात. मला आत पत्ताही नव्हता.

शिटी झाली. प्रमिलाबाईंनी शाल काढली, मी झाकण उघडलं. अमृता, पाव फुगला होता! काठाच्या वर आला होता, वरून तांबूस, आणि सगळ्या घरात त्याचा वास. मग प्रमिलाबाई म्हणाल्या, "पावनं!" आणि ती आरोळी दारातून जिन्यात, जिन्यातून खाली रस्त्यापर्यंत गेली. वर गच्चीवर पतंग उडवणारी पोरंही ओरडली, त्यांना कशाला ते माहीत नसताना. त्याच गोंधळात अभिजीत रांगेतून माझ्यापर्यंत पोचला. मी त्याच्या हातावर पहिला तुकडा ठेवला. मी म्हणालो, "बघ. स्वतः केला आहे."

त्याने तो खाल्ला. दाताखाली काहीतरी कटकन वाजलं. सुपारी होती. कुणाची भक्ती, कधी टाकली, देव जाणे. त्याने सुपारी हातात घेऊन पाहिली, घरात दाटीवाटीने उभ्या बायांकडे पाहिलं, दाराशी चपलांचा ढीग होता, त्यात माझ्याही हरवल्या होत्या, त्याच्याकडे पाहिलं, आणि म्हणाला, "बाबा, तुम्ही इथे एकटे असता असं मला वाटत होतं." पुढे पुण्याचं काही बोलला नाही. रात्री जेवून, दुसर्‍या दिवशी दगाबरोबर गच्चीवर पतंग उडवून, बोटं कापून घेऊन परत गेला. विषय बंद. तुझं नाक शाबूत आहे.

त्यानंतर तुझं पत्र आलं. खोटं मला खपत नाही हे तू जाणतेस. मी प्रमिलाबाईंना बोलावलं आणि स्पष्ट सांगितलं, "बाई, हा पाव म्हणजे ब्रेड. हे ब्रेड करायचं यंत्र आहे. यात देव नाही. ही माझ्या शुद्ध मराठीची चूक."

त्या हसायला लागल्या. म्हणाल्या, "गुरुजी, ब्रेडनं शे ते माले म्हाईत शे. पहिलाच दिन तुकडा खादा तव्हयच समजनं. म्हनीसन काय मांगानं नही का?"

मी विचारलं, "मग तुम्ही काय मागितलं होतंत?"

"तुम्ही आठेच ऱ्हावोत, इतलंच मांगं," त्या म्हणाल्या. "पुनाले जावाचं नही."

'आठे' म्हणजे इथे, हे मला व्याकरणावाचून कळलं. अमृता, सुधा गेली तेव्हा मी रडलो नव्हतो, चारचौघांत मास्तर रडत नाही म्हणून. परवा मात्र प्रमिलाबाईंसमोर रडलो. त्यांनी शालीचं टोक पुढे केलं. त्याला मैद्याचा वास येत होता.

आता फक्त एक अडचण उरली आहे. नवस पावला की फेडावा लागतो, आणि त्यांनी यंत्रापुढे बोललेला नवस असा होता की गुरुजी राहिले तर त्यांना रोज दुपारी कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकर आणि ठेचा घालीन. ते पाहून अनुसयाबाईंनी संध्याकाळचा नवस बोलून घेतला. त्यामुळे माझ्या पोटात आता पावाला जागाच राहत नाही. यंत्र पुसून, कुंकू तसंच ठेवून, कपाटावर ठेवलं आहे. येता-जाता बाया हात जोडतात. खोटं सांगत नाही, काल मीही जोडले.

तुझा,
बाबा

ता. क.: पहिला पाव अजून गॅलरीच्या दाराला आहे. अभिजीतने तोही उचलून पाहिला आणि विचारलं, "हे काय आहे?" मी त्याला सांगितलं, ब्रेड.